दगडावर कोण बसणार

१७ एप्रिल
गोदामामागची खोली

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. मी मजेत आहे आणि तुम्हीही असाल असं धरून पुढं लिहितो. अक्षराला नावं ठेवू नकोस. शाळेत आणखी टिकलो असतो तर अक्षर सुधारलं असतं, पण बसून बसून मी बिघडलो असतो.

भावोजींना सांग, मी अजून त्याच कामावर आहे. पैज लावली असेल तर हरलेत. टायरचं दुकान झालं, बसची क्लीनरकी झाली, हॉटेलातली भांडी झाली, पण हे शीतगृहाचं काम मला सोडत नाही की मी त्याला सोडत नाही, कोण जाणे. काम सोपं आहे. बटाट्याची पोती आणि सफरचंदांचे क्रेट आत रचायचे, मागतील तसे बाहेर काढायचे. गंमत अशी की बाहेर ऊन मी म्हणत असतं, माणसं डोक्यावर ओला रुमाल टाकून भिंतीच्या कडेकडेनं चालतात, आणि मी त्यांच्यातून जाड कोट काखेत मारून, कानटोपी खिशात कोंबून कामाला जातो. कोपऱ्यावरचा चहावाला रोज विचारतो, काय अस्वल, आज बर्फ किती? मी म्हणतो, घोट्यापर्यंत आलाय.

इथल्या हवेचं काय सांगू? सांगण्यासारखं काही नाहीच. सकाळी जी हवा तीच दुपारी, तीच संध्याकाळी, तीच उद्या. आभाळाकडे बघायचं कुणाला कारण पडत नाही. माझ्या खोलीतला सोबती, ज्याला आम्ही पैलवान म्हणतो कारण फुंकर मारली तर उडेल, त्याला मी एकदा विचारलं, आज ढग कुठल्या बाजूला आहेत रे? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मला ताप चढलाय.

आपल्याकडे आत्ता कसं असेल ते मला डोळे मिटून सांगता येईल. पहाटे झऱ्याला धार दोरीएवढी झाली असेल आणि पाण्याच्या पाळीवरून बायकांची तोंडं सुटली असतील. सूर्य कड्यावर आला की उतारावर निम्मं ऊन, निम्मी सावली. उन्हात उभं राहिलं तर पाठ भाजते, एक पाऊल मागं सरकलं तर दात वाजतात. हॉटेलांतले पाहुणे अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून मिरवत असतील, आणि दुपार कलली की तेच पाहुणे स्वेटरच्या दुकानापुढं हात काखेत घालून उभे. तू आणि मी पायरीवर बसून त्यांच्यातला कोण आधी स्वेटर घेणार ते ओळखायचो. तू नेहमी जिंकायचीस. तू पायाकडे बघायचीस ना, चपला कुणाच्या पातळ आहेत ते.

आणि चादरी. आख्ख्या उतारावर दोऱ्या, आणि दोऱ्यांवर आपण धुतलेल्या सगळ्या हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी. खाली दरीच्या तोंडाशी पहिल्यांदा बोटभर पांढरं दिसायचं, उशी फाटून कापूस बाहेर यावा तसं. मग सगळ्यांचे हात हळू व्हायचे. पण वर बघून कुणी विचारायचं नाही. बाबा दगडावर कपाळाला हात लावून बसलेले असायचे, आणि ते हाक मारतील तोवर चिमटासुद्धा काढायचा नाही. लवकर काढलं तर चादर ओली राहते, उशीर झाला तर भिजते, आणि मधली वेळ एकट्या बाबांना कळायची. मग त्यांचं ते "उचला!" यायचं आणि उतारावर जी पळापळ व्हायची! इस्त्रीवाला कडक तर निखाऱ्याची इस्त्री तशीच टाकून धावायचा, तेवढ्या वेळेपुरतीच त्याची ताठ मान वाकलेली दिसायची. शेवटची घडी पडवीत पडते न पडते तोच ढग अंगावर. आपला हात आपल्याला दिसायचा नाही, नुसतं कुणाचं तरी हसू ऐकू यायचं. मग घटकाभरानं पुन्हा लख्ख ऊन आणि पुन्हा तेच वाळत घालणं.

असं बघ, मी कागद संपवत आणला आणि तुझ्या पत्राबद्दल अजून काहीच लिहिलं नाही.

पलीकडच्या हॉटेलवाल्यानं छपराला पांढरा रंग दिला, आणि तो ढग वाटून बाबांनी भर उन्हात "उचला" केलं, हे तू हसत लिहिलंयस. मलाही आधी हसू आलं. पण सगळ्यांनी गपचूप ओल्या चादरी काढल्या, पडवीत नेल्या, आणि बाबा जेवायला आत गेल्यावर परत वाळत घातल्या, हे वाचलं आणि घास तोंडातच राहिला. मी जेवताना वाचत होतो. कडकसुद्धा काही बोलला नाही म्हणतेस? कडक?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आणि ऑपरेशनला खाली शहरात जा म्हणाले, तर बाबा म्हणतात माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय. हे ते म्हणणारच.

तू शेवटी जे विचारलंयस त्याचं नंतर लिहितो. आता भोंगा झाला. सफरचंदांच्या गाड्या लागल्यात.

तुझा,
भिंगरी

११ मे
तीच खोली

प्रिय ताई,

या वेळी बरे आहात ना वगैरे लिहीत नाही. बरे नाही आहात ते कळलं.

तुझं पत्र मी गोदामाच्या पायरीवर वाचलं, मग आत जाऊन काम केलं, मग पुन्हा वाचलं. मुकादम म्हणाला, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, चादरी गेल्या. त्याला काय कळणार?

मला हे डोळ्यापुढून हलत नाही. दरीतून ढग वर आला, चांगला काळा पोटाचा, गारांचा. कडकला दिसला. वरच्या दोरीवरच्या काकूंना दिसला. तुला तर आधीपासून दिसत होता. सगळ्यांचे हात चिमट्यावर, आणि सगळे दगडाकडे बघतायत, आणि दगडावर बाबा कपाळाला हात लावून त्याच ढगाकडे तोंड करून शांत बसलेत. तू लिहिलंयस, तोंड उघडलं होतं आणि मिटलं. ताई, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो आपल्याला वेडे म्हणेल. एवढी डोळस माणसं आणि डोळ्यांदेखत भिजली. पण मी तिथं असतो तर मीही तोंड मिटलंच असतं. दगडावर बसलेला माणूस असताना दुसऱ्यानं हाक मारायची म्हणजे त्याला सगळ्यांपुढं तू आंधळा आहेस म्हणायचं.

खालच्या दोरीवरच्या चादरी वाऱ्यानं दरीत गेल्या आणि अजून झाडांच्या शेंड्यांना लटकतायत, येणारा जाणारा बघतो, हे वाचून वाईट वाटलंच. पण त्याहून वाईट वाटलं ते पुढचं. बाबांनी विचारलं, काही गेलं तर नाही ना? आणि तू म्हणालीस, नाही बाबा, सगळ्या आहेत. ते त्या झाडांकडे तोंड करून म्हणाले, बरं झालं.

आता हॉटेलवाला म्हणतो, पुन्हा असं झालं तर वाळवायचं मशीन आणतो. तो आणेल. एकानं आणलं की सगळे आणतील. म्हणून तू सरळ लिहिलंयस, या वेळी टाळू नकोस, येतोस की नाही सांग. मुलगा आला, आता तो बसेल, म्हणून बाबा मानानं दगडावरून उतरतील. दुसऱ्या कशानं उतरणार नाहीत.

मी येणार नाही, ताई.

हे लिहून मी उठून एक फेरी मारून आलो. आता परत बसलोय. शिव्या दे, पण पुढचं वाच.

माझे डोळे चांगले आहेत, ते तुला माहीत आहे. मी त्या एका उन्हाळ्यात दगडावर बसलो होतो तेव्हा एक चादर भिजली नाही. पण माझ्या पायांत किडे वळवळायचे. सकाळपासून दुपारपर्यंत बूड टेकवून दरीकडे बघत राहायचं, आणि खालून बस वळणावळणानं जाताना दिसायची, मी ढगाऐवजी बसकडेच बघायचो. बाबांना ते कळलं होतं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझं लक्ष दरीत नाही, दरीच्या पलीकडं आहे." मी पुढच्याच महिन्यात त्या बसमध्ये चढलो. आज मी आलो तर बाबांना मान राहील, हंगाम निघेल, आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा पळेन, किंवा पळणार नाही आणि सगळ्यांवर खेकसत बसेन. तुला कुठला भिंगरी हवाय?

दगडावर तू बस. ढगाच्या आधी वारा कसा वळतो ते तुला चादरीच्या कोपऱ्यावरून कळतं, मी कितीदा बघितलंय. बाई दगडावर कधी बसली नाही म्हणून कडक कुरकुर करेल. त्याला म्हण, तुझ्या दोऱ्या भिजव मग एकटा.

राहिले बाबा. त्यांना ऊठ म्हणायचं नाही, ये म्हणायचं. मी त्यांना इकडं बोलावतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, मुकादमाच्या आईचा मोतीबिंदू तिथंच काढला आणि आता ती सुनेच्या स्वयंपाकातले खडे लांबून दाखवते. पण डोळ्यांचं नाव काढलं तर बाबा येणार नाहीत. म्हणून मी वेगळं काहीतरी लिहितो: माझे हाल चाललेत, जेवणाचं खरं नाही, एकट्याला करमत नाही. मुलासाठी म्हणून ते येतील. मुलासाठी जागा सोडली तर कुणी काही म्हणणार नाही, त्यांनाही काही वाटणार नाही.

ते पत्र यातच घालतो. तूच वाचून दाखवशील. संध्याकाळी नको, सकाळी दगडावर जायच्या आधी वाच, आणि कडक समोर असेल तर बरं, त्याला ऐकू गेलं की उतारभर जातं. त्यात मी रडकं लिहीन ते खरं धरू नकोस. मी ठणठणीत आहे. वाचताना मात्र हसू नकोस, तुला दाबलेलं हसू येतं तेव्हा आवाज नाकातून निघतो आणि बाबांना तो लगेच कळतो. कान त्यांचे शाबूत आहेत.

तुझा,
भिंगरी

११ मे

ती. बाबा,

इथूनच पाया पडतो.

ताई वाचून दाखवते आहे, तेव्हा तुम्ही आरामात बसा. चहा झाला असेल. आज ऊन कसं आहे? कड्यावर आलं असेल.

पत्राला कारण की, माझे इथं फार हाल चाललेत. काम बरं आहे, मुकादम माणूस चांगला आहे, पण खोलीवर आलं की बघायला कुणी नाही. पैलवान म्हणून एक सोबती होता तो त्याच्या घरी गेला. जेवणाचं काही खरं नाही. कधी पाव, कधी तोही नाही. सदऱ्याची बटणं तुटलीत. अंगावरचं मांस उतरलंय. एकट्याला करमत नाही. म्हणून म्हणतो, तुम्ही थोडे दिवस इकडं येऊन राहिलात तर

बाबा, वरचं वाक्य अर्धं टाकून मी पाणी प्यायला उठलो होतो. आता पुढं लिहितो.

जेवणाचं लिहिलं ते खोटं आहे. जेवण चांगलं मिळतं, समोरच्या खानावळीतली बाई दुसऱ्यांदा वाढते. पैलवानही कुठं गेलेला नाही, इथंच घोरत पडलाय. बटणं शाबूत आहेत. मांस उलट चढलंय. तुम्ही यावं म्हणून मी हे सगळं रचलं होतं आणि ताईला तसं कळवलंही होतं. ताई, थांबू नकोस. वाचत जा.

करमत नाही तेवढं खरं आहे. लिहिलं तेव्हा मला वाटलं तेही रचलेलंच आहे. लिहून झाल्यावर बघितलं तर तेवढंच राहिलं.

तुम्हाला एक सांगतो, मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या गोदामाचं दार लोखंडी आहे, भिंतीएवढं. आत थंडी, बाहेर हे ऊन. दार उघडलं की उंबऱ्यावर पांढरं धुकं उठतं आणि पायांतून बाहेर येतं, अगदी आपल्या दरीतून येतं तसं. कंबरेएवढं चढतं आणि रस्त्यावर जाऊन विरतं. बाकीचे हमाल त्यातून चालत जातात, त्यांना ते दिसतही नाही. मी काहीतरी निमित्त काढून दारात उभा राहतो. मुकादम ओरडतो, थंडी बाहेर घालवतोस काय? मी म्हणतो, क्रेट अडकलाय. काही अडकलेलं नसतं.

पहिल्याच आठवड्यात दार उघडलं, धुकं आलं, आणि मी पोतं पाठीवर असताना मोठ्यानं "उचला" म्हणालो. तोंडातून निघून गेलं. सगळ्यांनी आपापली पोती उचलली. त्यांना वाटलं मी कामाचंच सांगतोय. मी हसलो, पण मग दिवसभर मला कुणाशी बोलावंसं वाटेना.

बाबा, तुम्हाला आठवतं का ते मला माहीत नाही. मी लहान होतो, आई होती तेव्हा. एकदा ढग आला आणि मी दोऱ्यांमध्ये अडकलो. सगळे पडवीत पोचले आणि मी उतारावर, पुढं काय आहे ते दिसेना, एका बाजूला दरी. मी रडलो नाही, कारण रडलो तर तुम्ही रागवाल असं वाटलं. तुम्ही दगडावरच होता. तुम्ही मला शोधायला धावला नाहीत आणि नाव घेऊन ओरडलाही नाहीत. तुम्ही नुसते बोलायला लागलात. आज झऱ्याला पाणी बरं होतं म्हणालात. त्या नव्या हॉटेलच्या चादरी जाड आहेत, वाळायला वेळ खातात. इस्त्रीवाल्याच्या बायकोला मुलगी झाली. असं काहीबाही, हळू आवाजात, समोर कुणी बसल्यासारखं, न थांबता. मी त्या आवाजाच्या दिशेनं चालत राहिलो, आणि कधीतरी माझा हात तुमच्या गुडघ्याला लागला. मुलीचं वजन चांगलं आहे म्हणे, एवढं म्हणून बोलणं थांबवलंत.

इथं माणसं पुष्कळ आहेत. बोलतातही पुष्कळ. पण मी चालत जावं असं त्यातलं काही नाही.

म्हणून या. मला बरं नाही म्हणून नको, मी ठणठणीत आहे. मला तुमचं बोलणं ऐकायचंय. मी कामावरून येईन, तुम्ही खाटेवर बसलेले असाल आणि म्हणाल, आज समोरच्या गच्चीवर बाईनं कपडे भलत्याच वेळी वाळत घातले. एवढं पुरे आहे.

आता दुसरं, तेही खोटं न बोलता. इथं आलात की मी तुम्हाला डोळे दाखवायला नेणार आहे. आधी सांगणार नव्हतो. पण फसवून आणलं तर तुम्ही माझ्याशी बोलणार नाहीत, आणि मग आणून उपयोग काय? तुम्हाला नाही यायचं तर येऊ नका, पण डोळ्यांचं नाव काढलं म्हणून नाही म्हणू नका. दिसत नसलं म्हणून तुमच्याबद्दल कुणाचं मत बदललेलं नाही. आख्खा उतार तुमच्या हाकेसाठी गारांत उभा राहिला, बाबा. चादरी गेल्या. ताई नाही म्हणाली, पण गेल्या. एकानं तोंड उघडलं नाही. तुम्हाला राग येईल, माझ्यावर काढा, त्यांच्यावर नको. तुमच्या शब्दापुढं त्यांना आपलं नुकसान दिसलं नाही.

तुम्ही याल तेवढे दिवस दगडावर ताई बसेल. तिचं नाव तुम्ही घ्यायला हवं, सगळ्यांपुढं. तुम्ही सांगितल्याशिवाय ती तोंड उघडणार नाही, समोरून आभाळ कोसळलं तरी. आणि तुम्ही सांगितल्यावर कडकचीही छाती नाही. निघताना तिला दरीतलं जे माझ्या डोक्यात शिरलं नाही ते सांगा. तिच्या शिरेल.

सकाळची बस घ्या. ती उन्हाच्या आत उतरते. खिडकीजवळ बसा, वळणांवर वारा लागेल. खाली आलात की आधी असं वाटेल की भट्टीचं तोंड उघडलंय. घाबरू नका, सगळ्यांना तसंच वाटतं. मी स्टँडवर असेन. तुम्हाला मी गर्दीत दिसणार नाही, तेव्हा तुम्ही बसमधून उतरून दारापाशीच थांबा. मी बोलत येईन.

उत्तर पाठवू नका. उत्तर काय लिहायचं याचा तुम्ही विचार करत बसाल, आणि विचार केलात की तुम्ही नाही म्हणता. उत्तराऐवजी तुम्हीच या.

तुमचा मुलगा